आनंदाबाईंच्या कॅनमधला उजेड

समुद्रपूरच्या अलीकडे, हिंगणघाटच्या रस्त्याला लागून एक दूध डेअरी आहे. डेअरी म्हणजे फार काही समजू नका. पत्र्याची शेड, दूध थंड ठेवायची एक मोठी टाकी, दुधाचं फॅट काढायची, म्हणजे मोजायची, एक खोली आणि मागे पाण्याचा हौद. या हौदाजवळ आनंदाबाई बावीस वर्षं दुधाचे कॅन धूत आल्या आहेत. अकरा गावांचे साठ कॅन, चाळीस-चाळीस लिटरचे, रोज. सण नाही, सुट्टी नाही. आज दिवाळी आहे, आज मी दूध देणार नाही, असं गाय कधी म्हणते का?

कॅन काय, कुणीही धुवेल, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा आनंदाबाईंसमोर तसं बोलून पाहावं. आधी गार पाणी, मग सोड्याचं कढत पाणी आणि ब्रश, मग पुन्हा साधं पाणी, आणि शेवटी बॉयलरची वाफ. क्रम चुकला की सगळं मुसळ केरात. "गरम पाणी आधी टाकलं तं दूध तळाले धरून बसते, मंग बापाच्यानं निघत नाई," हे त्या कामावर आलेल्या प्रत्येकाला ऐकवत. ऐकणारे चार महिन्यांत काम सोडून जात. आनंदाबाई हौदाजवळच राहिल्या.

त्यांचं नाक हा तर वेगळाच विषय. कॅनचं झाकण उघडलं की त्या नुसत्या वाकत आणि सांगत, हा आज आंबणार, या घरी म्हशीला सरकीची ढेप जास्त झाली, याने काल साबणाने धुतला आणि नीट खळबळला नाही. शाळा त्यांनी दुसरीत सोडली होती. पण नाकाला कुणी शाळेत घालत नाही, त्यामुळे ते बिघडलं नव्हतं.

आणि त्यांची एक रीत होती. कॅनला वाफ दिली, तो निवला, की झाकण लावण्याआधी त्या तुळशीचं एक पान आत टाकत. कुणाचं भांडं रिकामं परत करू नये, हे त्या आईच्या घरून शिकून आल्या होत्या. वाटीभर साखर मागून आणली तर वाटी परत करताना त्यात चार दाणे तरी घालायचे. मग दुभत्या घरी चाळीस लिटरचा कॅन रिकामा कसा पाठवायचा? ते म्हणजे 'तुझी गाय आटो' म्हणण्यासारखं. साखर, तांदूळ टाकता येत नाहीत, म्हणून तुळस. गावोगावचे संकलनवाले झाकण उघडत, पान झटकत, दूध ओतत. बावीस वर्षांत कुणी तक्रार केली नव्हती.

मागच्या दिवाळीनंतर डेअरीत पौर्णिमा आली. हिंगणघाटची पोरगी, वय सव्वीस, नागपुरात जीवरसायनशास्त्र शिकलेली. दुधाचा दर्जा तपासायचं काम तिच्याकडे. ज्या मोठ्या कारखान्याला डेअरीचं दूध जायचं, त्यांनीच असा माणूस नेमायची अट घातली होती. पहिल्याच दिवशी तिने सगळ्यांना उभं करून सांगितलं, "कॅनमध्ये बाहेरची कोणतीबी गोष्ट जाता कामा नाई." आनंदाबाईंनी मान डोलावली. मान डोलावणं वेगळं आणि रीत सोडणं वेगळं.

दोघींचं जमलं ते नाकामुळे. एका सकाळी आनंदाबाईंनी वास घेऊन तीन कॅन बाजूला काढले. पौर्णिमाने तिन्हींची आम्लता तपासली, तर तिन्ही चढलेले. ती चाट पडली.

"मावशी, मले बाटल्या, नळ्या, अर्धा घंटा लागला. तुमाले कसं कळलं?"

"वास येते नं माय. आंबलं की दूध ओरडते. अन् जुनं लोणी झालं की येगळाच वास, वकारी आणणारा."

पौर्णिमा हसली नाही. तिने त्यांना फॅटच्या खोलीत नेलं, स्टुलावर बसवलं आणि एका रिकाम्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर चार गोळे काढले, एकाला एक धरलेले. हे कार्बन, म्हणाली. लोणी, दूध, लाकूड, कापूस, तुमी, मी, सगळ्यांत ही साखळी. साखळी स्वतः तशी थंड स्वभावाची. पण तिच्या टोकाला दोन-चार अणूंचा एक लहानसा गट लटकतो, आणि ती साखळी काय करणार, कुणाशी भांडणार, कुणाशी जमवून घेणार, वास कसला मारणार, हे बरंचसं तो गट ठरवतो. त्याला क्रियात्मक गट म्हणतात. टोकाला आम्लाचा गट असला की तुमचं ते वकारी आणणारं लोणी. तीच चार कार्बनची साखळी, पण टोकाला फक्त ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी असली, तर अल्कोहोल.

आनंदाबाई पुठ्ठ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे बाई तेच, पण हातात इळा असला तं कापणी, अन् झाडू असला तं झाडझूड."

"तसंच, मावशी," पौर्णिमा म्हणाली. हे आपल्या सरांना का सुचलं नाही, असं तिच्या मनात आलंच असणार.

मग तिने एक गंमत दाखवली. फॅट काढायच्या खोलीत दोन बाटल्या असतात. एक तीव्र सल्फ्युरिक आम्लाची आणि दुसरी अमाइल अल्कोहोलची, ज्याच्या वासाने ठसका लागतो. पौर्णिमाने अमाइल अल्कोहोल घेतलं आणि कपाटातून तीव्र अॅसेटिक आम्ल काढलं. त्याच्या वासाने डोळ्यांत पाणी आलं. दोन्ही थोडं थोडं एका नळीत घेतलं, डोळ्यांवर चष्मा चढवून सल्फ्युरिक आम्लाचे दोन थेंब टाकले आणि नळी गरम पाण्यात उभी केली. आनंदाबाई नाकाला पदर लावून बसल्या. दहा मिनिटांनी पौर्णिमाने नळीतलं पाण्याच्या बशीत ओतलं आणि म्हणाली, "आता पदर काढा."

खोलीभर पिकलेल्या केळ्यांचा वास सुटला.

आनंदाबाई उठल्या. टेबलाखाली पाहिलं, कपाटामागे पाहिलं. मग बशीवर वाकल्या आणि झटक्याने मागे सरल्या. "केळं कुठून आलं वं?"

"कुठूनच नाई आलं. दोन टोकं एकमेकाले धरून बसली, मधून पाणी निघून गेलं, अन् नवा गट तयार झाला. पिकल्या केळ्यातबी हाच असते."

आनंदाबाईंच्या अंगावर काटा आला. भुताखेतांच्या गोष्टींनी त्यांना कधी आला नव्हता, तो त्या बशीने आणला. उभ्या जन्मात त्यांनी हजारो वास ओळखले होते, पण वास म्हणजे कुणाचं तरी टोक असतं आणि ते बदलता येतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी कॅन धुताना त्या मधेच थांबून बोटं हुंगत होत्या. तो हौदावरचा सगळ्यात चांगला दिवस, असं त्या अजून म्हणतात.

पुढचे दिवस मात्र वाईट आले. संक्रांतीच्या सुमारास कारखान्याने एक यंत्र पाठवलं, मोबाइलपेक्षा थोडं जाड. धुतलेल्या कॅनचा तळ कापसाच्या काडीने पुसायचा, काडी एका नळीत दाबायची, आतलं औषध तिच्यावर उतरलं की हलवायची आणि यंत्रात घालायची. पंधरा सेकंदांत आकडा येतो. तीसच्या वर गेला की कॅन नापास. महिनाभर नापास कॅन निघाले तर दूध घेणं बंद, असं पत्रही सोबत होतं.

रोज दुपारी चार वाजता गाड्या निघायच्या आधी पौर्णिमा कुठलेही पाच कॅन निवडायची. आनंदाबाई पुढे होऊन झाकणं उघडत आणि उघडता उघडता हात आत घालून तुळशीचं पान हळूच काढून पदराच्या गाठीत टाकत. पोरगी शिकलेली आहे, तिला पान म्हणजे कचरा वाटेल, उगाच बोल कशाला लावून घ्यायचा, एवढाच त्यांचा विचार. मग पौर्णिमा काडी फिरवायची. आकडा यायचा, शहाऐंशी. एकशे बारा. चौऱ्याण्णव.

आनंदाबाईंनी सोडा वाढवला. वाफ दुप्पट केली. ब्रश घासून घासून बोटांची सालं निघाली. आकडा खाली येईना. बावीस वर्षांच्या हातांना एक डबी खोटं पाडत होती आणि तिच्याशी भांडताही येत नव्हतं.

डेअरीचे मॅनेजर महादेवराव एका मंगळवारी हौदापाशी आले. माणूस वाईट नव्हे. पण पत्र हातात असलं की चांगली माणसंही पत्रासारखीच बोलतात. "आनंदाबाई, तुमचं वय झालं. पुढच्या शनिवारी मी सोता उभा राहून मोजतो. पाचही कॅन पास झाले पायजे. नाई तं एक तारखेपासून धुवाचं काम ठेकेदाराले देऊन राह्यलो. तुमी आराम करा."

आराम! नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, मुलगी देवळीला सासरी. घरात आराम करायला होतं कोण, आणि कुणासमोर करायचा? त्यांना भीती पैशांची कमी आणि दुसऱ्याच गोष्टीची जास्त वाटत होती. आनंदाबाईंचे कॅन घाण निघतात म्हणून काढलं, असा बोभाटा अकरा गावांत होणार होता.

इकडे पौर्णिमालाही झोप नव्हती. त्यानंतरच्या सोमवारी तिने महिन्याचे आकडे समोर घेऊन बोट फिरवलं आणि ते एका जागी अडकलं. सगळे दिवस नापास. पण चारही रविवार पास. पाच, सात, चार, सहा. तीच बाई, तोच सोडा, तीच वाफ.

ती थेट हौदावर आली. "मावशी, रविवारी तुमी काय येगळं करता?"

"काई नाई बाप्पा. रोजच्यासारखंच धुतो."

"मंग रविवारी काय करत नाई?"

आनंदाबाईंच्या हातातला ब्रश थांबला. पौर्णिमा बौद्ध घरातली, तिच्या दारात तुळस नाही. रविवारी तुळस तोडत नाहीत, म्हणून त्या दिवशी कॅन बिनपानाचे जातात, हे तिला कुठून माहीत असणार? आनंदाबाईंना मात्र उत्तर लगेच कळलं. खोटं बोलणं सोपं होतं. त्या क्षणभर तेच बोलणार होत्या. मग त्यांनी ओले हात लुगड्याला पुसले, पदराची गाठ सोडली आणि शनिवारची सुकलेली, आजची हिरवी, अशी सगळी पानं हौदाच्या कठड्यावर ठेवली. रीत काय आहे, पान कधी टाकतात, कसं लपवतात, सगळं सांगून टाकलं. सांगताना त्यांनी मान वर केली नाही.

पौर्णिमा रागावली नाही. तिने एक हिरवं पान चिमटीत चुरडलं, काडी त्यावर फिरवली आणि यंत्रात घातली. आकडा चार हजारांच्या वर गेला.

आनंदाबाई एकदम खाली बसल्या. "म्हंजे तुळस घाण हाय?" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं, आणि डोळे भरून आले. काम गेलं असतं तर त्या रडल्या नसत्या. पण ज्या पानाला आंघोळीशिवाय हात लावला नाही, त्याला नापास ठरवणारा आकडा त्यांना सोसेना.

"नाई, मावशी!" पौर्णिमा त्यांच्याजवळ ओल्या फरशीवरच बसली. "घाण अन् चांगलं मशीनले कळतच नाई. ते फक्त जिवाची खूण पाह्यते. हात द्या तुमचा."

तिने नवी काडी घेतली आणि त्यांच्या तळव्यावरून फिरवली. सालं निघालेला, सोड्याने पांढरा पडलेला तळवा. आकडा आला, अठराशे वीस. मग थेंबभर ताजं दूध, मग हौदाकडेच्या गवताचं पातं, मग आंबलेल्या कॅनमधलं पाणी. प्रत्येक वेळी आकडा उसळला. फक्त वाफ दिलेल्या, पान न टाकलेल्या कॅनवर तो येऊन थांबला, तीन.

"या नळीतलं औषध काजव्यापासून शिकलेलं हाय," पौर्णिमा म्हणाली. "काजवा ज्याच्यानं चमकते तेच. पण त्याले एकट्याले चमकता येत नाई. कोण्या जित्या गोष्टीतून जोर भेटला तरच उजेड पडते. मशीन तो उजेड मोजते."

"तळव्यातून उजेड?"

"तळव्यातला जोर, उजेड औषधाचा."

केळ्याच्या दिवसाचा पुठ्ठा तिने शोधून आणला आणि मागच्या कोऱ्या बाजूला काढू लागली. एक गुंतागुंतीचं डोकं आणि त्याला तीन गोळ्यांची शेपटी. हा एक रेणू, नाव लांबलचक, एटीपी म्हटलं तरी चालतं. टोकाच्या गटावर काम ठरते म्हटलं होतं ना? हा फॉस्फेटचा गट, एकाला एक लागून तीन. तिघं एकमेकांना रेटत कसेबसे धरून असतात. शेवटचा फॉस्फेट हा रेणू दुसऱ्याच्या हाती देतो, आणि त्या देण्यातच काम होतं. तुमचं बोट वाकते ते त्याच्यावर. गाईच्या कासेत दूध तयार होते ते त्याच्यावर. दिल्यावर याच्याकडे दोनच उरतात. मग आपण खाल्लेली भाकर आत जाळली जाते, तिच्या जोरावर तिसरा पुन्हा लागतो, आणि पुन्हा दिला जातो.

आनंदाबाई तरुणपणी रोजगार हमीच्या तलावावर माती वाहत. त्या हळू बोलल्या, "घमेलं. भरलं घमेलं हातोहात वर जाते, रिकामं खाली येते, पुन्हा भरून वर."

"घमेलंच. अन् किती वेळा, माहीत हाय? अंगात एका वेळी हे सगळं मिळून मूठभर असंन. पण दिवसभरात तेच इतक्यांदा रिकामं होऊन भरते, की बेरीज केली तं तुमच्या वजनाएवढी होते. रोज."

आनंदाबाईंचं वजन पंचेचाळीस किलो. त्या आपल्या हाताकडे बघू लागल्या. हा हात थकला म्हणून इतके दिवस त्या त्याला शिव्या देत होत्या, आणि आत हा कारभार चालला होता, न बोलता, जन्मल्यापासून.

"अन् तुळशीत?" त्यांनी विचारलं.

"हेच."

"गवतात? दूध नासवते त्या किड्यात?"

"हेच, मावशी. याच्यात काईच फरक नाई. मुंगीत हेच, हत्तीत हेच, माह्यात अन् तुमच्यात हेच."

आनंदाबाईंनी हातावरून नजर उचलली. समोर गवत होतं, कठड्यावर तुळशीची पानं होती, पलीकडे गाडीवाल्याची गाय रवंथ करत उभी होती. रोजचंच सगळं. पण त्यांना ते पहिल्यांदा पाहिल्यासारखं वाटत होतं आणि त्यांचे हात आपोआप जोडले गेले. कुणाला जोडले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पौर्णिमानेही विचारलं नाही.

मग व्यवहाराचं बोलणं झालं. आत पान नको, पण कॅन रिकामा पाठवायचाही नाही. शेवटी पौर्णिमाच म्हणाली, पान बाहेर कडीत खोचा, बाहेरचं कोणी मोजत नाई. आनंदाबाईंनी विचार केला. देणाऱ्याच्या डोळ्यांना दिसलं म्हणजे झालं, असं ठरवून त्यांनी ते मान्य केलं. आकड्याचं बोलणं मात्र दोघींनी शनिवारपर्यंत पोटात ठेवलं. लपवालपवीचं काय ते एकदाच, महादेवरावांच्या तोंडावर सांगू, असं आनंदाबाईंचंच म्हणणं होतं.

शनिवारी चार वाजता महादेवराव आले. सोबत कारखान्याचं पत्रही घेऊन आले होते. साठ कॅनच्या कडीत साठ पानं बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. आनंदाबाईंनी पदर खोचला आणि आधी पानांची सगळी गोष्ट सांगितली, काही राखून न ठेवता. मग म्हणाल्या, "आता मोजा."

महादेवरावांनी स्वतः पहिला कॅन निवडला. झाकण उघडलं आणि तीस वर्षांची सवय, बाही वर करून हात कोपरापर्यंत आत घातला. तळ चाचपला. डेअरीतला जुना माणूस कॅन असाच पारखतो. "ओलसर लागून राह्यला बुवा," ते म्हणाले आणि हात बाहेर काढला.

पौर्णिमा दचकून काही बोलणार होती. आनंदाबाईंनी तिच्या दंडावर हात ठेवला. "मोजू दे, पोरी."

काडी फिरली, नळी हलली, पंधरा सेकंद गेले. सहाशे चाळीस.

"पाह्यलं?" महादेवराव म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात आनंद नव्हता, हे सांगितलं पाहिजे. त्यांनाही हे नको होतं.

"पाह्यलं जी," आनंदाबाई म्हणाल्या. "हा आकडा माह्या धुवाचा नाई. तुमच्या हाताचा हाय. आता बाकीचे चार मोजा, हात न घालता."

तीन. दोन. पाच. तीन.

महादेवरावांनी पत्राची घडी केली. मग ती तशीच हातात धरून, काहीशा संकोचाने, त्यांनी दुसरा हात पौर्णिमापुढे केला. "माह्या हाताचं पाहा बरं." पौर्णिमाने तळव्यावर काडी फिरवली. आकडा दोन हजारांच्या पुढे जाताना त्यांनी तो ओठ हलवत वाचला आणि मग तळवा उलटसुलट करून पाहू लागले.

"हे काय असते वं, आनंदाबाई?" त्यांनी विचारलं. शिकलेल्या पोरीला नाही, त्यांना विचारलं.

"तीन फॉस्फेट," आनंदाबाई म्हणाल्या. "शेवटचा देऊन टाकाचा, अन् पुन्हा भरून घ्याचा. जिते हा तुमी, महादेवराव. गाईसारखे, तुळशीसारखे." आणि त्यांनी पहिला कॅन आडवा करून हौदाकडे गडगडत नेला. "आता सरका बाजूले. गाडी थांबून राह्यली, अन् तुमचा हात लागलेला हा कॅन मले पुन्हा धुवा लागते."